छपराचे खिळे

छपराचे खिळे म्हणजे घराच्या छपराचा सांगाडा जोडण्यासाठी आणि त्यावरील पत्रे किंवा इतर आच्छादन सांगाड्याला पक्के बांधून ठेवण्यासाठी वापरले जाणारे धातूचे खिळे. व्यापक अर्थाने याच कामासाठी वापरले जाणारे स्क्रू व हुक बोल्ट यांचाही समावेश या गटात केला जातो. आच्छादनाचा प्रकार, खालील आधार लाकडाचा आहे की लोखंडाचा, स्थानिक हवामान आणि वाऱ्याचा जोर यांवर खिळ्यांची निवड अवलंबून असते. या लेखात छपराच्या खिळ्यांची सामान्य माहिती दिली असून, यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव व त्याच्या आसपासच्या भागातील घरांच्या संदर्भात निवडीचे निकष मांडले आहेत.

छपराचे वजन वाशांवर व भिंतींवर पडते. ते पेलण्याचे काम खिळ्याकडे नसते. वारा छप्पर वर उचलू पाहतो त्या वेळी ते खाली धरून ठेवणे हे खिळ्याचे मुख्य कार्य होय. त्याखेरीज, खिळ्यासाठी पडलेल्या छिद्रातून पाणी आत येऊ न देणे आणि गंजून निकामी न होता पत्र्याइतकाच काळ टिकणे या दोन अपेक्षा त्याच्याकडून असतात.

नावे

मराठीत 'खिळा' हा सर्वसामान्य शब्द आहे. लहान व बारीक खिळ्यांना 'चुका' म्हणतात, तर काही भागांत मोठ्या खिळ्यास 'मोळा' असे नाव आहे. कारखान्यात तारेपासून तयार होणाऱ्या खिळ्यांना 'तारेचे खिळे' म्हणतात. खिळ्याच्या किंवा बोल्टच्या डोक्याखाली बसवायच्या चकतीला बाजारात 'वायसर' हा वॉशर या इंग्रजी शब्दापासून झालेला शब्द रूढ आहे. विदर्भात छपराच्या पत्र्यांना 'टिन' किंवा 'टिनपत्रे' आणि मातीच्या कौलांना 'कवेलू' म्हणतात.

छपराच्या भागांचीही स्वतंत्र नावे आहेत. दोन उतारांच्या माथ्यावरील आडव्या तुळईला 'आढे', उताराच्या दिशेने टाकलेल्या लाकडांना 'वासे', वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्यांना 'रिपा', छपराच्या एका उताराला 'पाखे' आणि भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेला 'वळचण' असे म्हणतात.

इतिहास

पूर्वी खिळे लोहार हाताने घडवीत असत. एकेक खिळा तापवून, ठोकून तयार करावा लागत असल्याने तो महाग पडे आणि छपराच्या कामात त्याचा वापर मोजकाच होई. लाकडाच्या खाचा, लाकडी खुंट्या आणि दोर यांनी बरेचसे सांधे जोडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर तारेचे खिळे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि खिळा स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाला.

पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट इंग्लंडमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. सपाट पातळ पत्रा सहज वाकतो. त्याला लाटांसारख्या पन्हळी पाडल्यास तोच पत्रा बराच ताठ होतो, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. या दोन शोधांच्या संयोगातून आजचा जस्तलेपित पन्हळी पत्रा तयार झाला आणि त्याबरोबर त्यासाठी लागणाऱ्या खास खिळ्यांची व बोल्टांची गरज निर्माण झाली.

कौलांच्या बाबतीत, १८६५ मध्ये मंगळूर येथे बासेल मिशनने यंत्रावर कौले तयार करण्याचा कारखाना सुरू केला. मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूस असलेला उंचवटा रिपेला अडकतो. त्यामुळे सामान्यतः कौलाला खिळा लागत नाही; खिळा लागतो तो रिपेला. विदर्भातील अर्धगोल कवेलूही स्वतःच्या वजनावरच टिकून राहतात.

राळेगाव परिसरातील छपरे

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्हा विदर्भातील अमरावती विभागात मोडतो आणि वर्धा नदी त्याची वर्धा जिल्ह्याबरोबरची सीमा ठरवते. परिसरातील जमीन मुख्यत्वे काळी, कपाशीची आहे. जिल्ह्यातील जंगलांत साग विपुल असल्याने जुन्या घरांचे आढे, वासे व खांब प्रायः सागवानी असत. भिंती माती-विटांच्या किंवा कुडाच्या असत. कुडासाठी तुराट्या, पऱ्हाट्या व बांबू वापरून त्यावर माती-शेणाचा लेप देत. कोलाम व गोंड वस्त्यांतही लाकूड, बांबू व माती ही घरबांधणीची पारंपरिक सामग्री आहे.

कवेलूच्या छपराला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती लागते. फुटलेले कवेलू काढून नवे बसवणे व सरकलेले पुन्हा ओळीत लावणे या कामाला 'कवेलू फेरणे' म्हणतात. हे काम जाणणारी माणसे कमी होत गेली आणि छपरांवर उड्या मारणाऱ्या वानरांमुळे कवेलू फुटण्याचा त्रासही होत राहिला. अशा कारणांमुळे अनेक कुटुंबांनी कवेलू काढून टिनपत्रे टाकली. हा बदल करताना जुना लाकडी सांगाडा तसाच ठेवण्याकडे कल असतो.

या बदलाचा खिळ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा परिणाम होतो. कवेलूचे छप्पर जड असल्याने वाऱ्याला दाद देत नाही. जोराचा वारा आला तर काही कवेलू निघतात, परंतु सांगाडा जागेवर राहतो. टिनपत्रा त्या मानाने अतिशय हलका असतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ४ किलोच्या आसपास भरते. पन्हळी व जोडावरील पत्र्यांचा एकमेकांवरील भाग धरून ते सुमारे ५ किलो मानता येते. कवेलूच्या छपरात जे काम वजन करीत होते, ते टिनाच्या छपरात खिळ्यांना करावे लागते.

वाऱ्याचा जोर

वारा उतरत्या छपरावरून वाहताना त्याच्या बऱ्याचशा भागावर हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. दार-खिडक्या उघड्या असतील किंवा एक बाजू मोकळी असेल, तर आत शिरलेली हवा छपराला खालूनही ढकलते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो.

भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. ८७५ (भाग ३) या वाऱ्याच्या भाराविषयीच्या मानकात दाबाचे मूल्य वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून काढले जाते. येथे वेग मीटर प्रतिसेकंद आणि दाब न्यूटन प्रति चौरस मीटर या एककांत असतो. त्यावरून पुढील अंदाज मिळतो:

• ताशी ३६ किमी (सेकंदाला १० मीटर) वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाइतका असतो. हा आकडा टिनपत्र्याच्या वजनापेक्षा किंचित जास्त आहे.
• ताशी ७२ किमी वेगाला हाच दाब सुमारे २४ किलो होतो.
• याच मानकाच्या यादीत नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी, हा मूलभूत वेग दिला आहे. तो काही सेकंदच टिकणाऱ्या झोताचा, उघड्या मैदानात दहा मीटर उंचीवरील वेग आहे. त्याचा दाब सुमारे ११८ किलो होतो.

ठेंगण्या घरांना व झाडा-घरांच्या आडोशातील वस्तीला प्रत्यक्षात यापेक्षा कमी वेग जाणवतो. उलट छपराची वळचण, आढ्याची रेघ आणि टोकाच्या कडा येथे ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी अधिक असते. छप्पर उडण्याची सुरुवात बहुधा याच जागांवरून होते.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या तडाख्यानंतर वादळी वारा, विजा व गारांसह अवकाळी पाऊस येतो. घरावरील टिनपत्रे उडण्याच्या घटना प्रामुख्याने याच काळात घडतात. भाववाढीच्या प्रतीक्षेत घरात साठवलेला कापूस, तूर, हरभरा, वर्षाचा गहू आणि हंगामासाठी आणलेले बियाणे व खते त्या वेळी घरातच असतात. छप्पर गेल्यास निवाऱ्याबरोबर वर्षभराची कमाई भिजते. उडालेला पत्रा माणसांना व जनावरांना गंभीर इजा करू शकतो.

पत्र्यांवर दगड ठेवण्याची पद्धत खेड्यांत सर्रास आढळते. वरील हिशेबानुसार ताशी ७२ किमी वेगाचा वारा केवळ वजनाने रोखायचा असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे २० किलो दगड ठेवावे लागतील. इतके दगड कोणी ठेवत नाही आणि ठेवल्यास पातळ रिपांना ते पेलत नाहीत. शिवाय पत्रा हलताच दगड घरंगळून खाली झोपलेल्यांवर पडण्याचा धोका असतो. त्यामुळे दगड हा खिळ्यांना पर्याय ठरत नाही.

खिळ्यांचे व जोडणीच्या साधनांचे प्रकार

साधा तारेचा खिळा: गुळगुळीत दांडा व लहान चपटे डोके असलेला हा खिळा वाशावर रिपा ठोकण्यासाठी व सांगाड्याच्या इतर जोडांसाठी वापरतात. पत्रा बसवण्यासाठी तो अयोग्य आहे. त्याचे डोके लहान असल्याने वाऱ्याच्या ओढीने पत्र्याचे छिद्र फाटून पत्रा डोक्यावरून निसटतो.

छत्रीसारख्या डोक्याचा जस्तलेपित खिळा: याचे डोके रुंद व किंचित घुमटाकार असते, त्यामुळे ते पत्र्याच्या उंचवट्यावर नीट बसते. दांडा अनेकदा पिळदार असतो. त्याखाली रबरी किंवा डांबरी वायसर घालतात. लाकडी रिपांवर टिनपत्रे बसवण्यासाठी खिळ्यांमध्ये हा प्रकार योग्य होय.

कंगोरेदार खिळा: याच्या दांड्यावर बारीक वळी असतात. लाकडाचे तंतू त्यांत अडकतात व खिळा सहज उपसून येत नाही. वाळताना आकसणाऱ्या लाकडासाठी हा साध्या खिळ्यापेक्षा सरस ठरतो.

लाकडात बसणारा पत्र्याचा स्क्रू: याला आटे असतात व डोक्याखाली रबरी वायसर असतो. त्याची पकड खिळ्यापेक्षा जास्त असते आणि तो पत्र्याला इजा न करता काढता येतो.

हुक बोल्ट: लोखंडी अँगल किंवा पाइपाला खालून अडकणारा, इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा बोल्ट. वरच्या टोकाला वायसर व चाकी बसवून आवळतात. आय.एस. ७३० हे भारतीय मानक पन्हळी पत्र्यांच्या हुक बोल्टांविषयी आहे, तर आय.एस. ८८६९ हे त्यासाठीच्या वायसरांविषयी आहे.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रू: याच्या टोकालाच छिद्र पाडण्याची धार असते. विजेच्या यंत्राने तो पत्रा व खालचा लोखंडी पाइप भेदून थेट बसतो.

चपट्या रुंद डोक्याचा आखूड खिळा: अमेरिका व कॅनडात घरांवर डांबरी शिंगल्स नावाची आच्छादने घालतात. ती फळ्यांवर अशा खिळ्यांनी बसवतात. तेथे एका शिंगलला साधारणतः चार व जोराच्या वाऱ्याच्या भागात सहा खिळे मारण्याची पद्धत आहे. परदेशी पुस्तकांत व दृक्‌श्राव्य मार्गदर्शनात येणारी 'छपराच्या खिळ्यां'ची माहिती बहुधा याच प्रकाराची असते; ती टिनपत्र्यांना लागू पडत नाही.

निवडीचे निकष

लांबी

पन्हळी पत्र्याला खिळा उंचवट्यावर मारतात, कारण खोलगट भागातून पावसाचे पाणी वाहते. त्यामुळे खिळ्याचा काही भाग पत्रा व रीप यांमधील पोकळीतच जातो. पन्हळीची उंची सुमारे १८ मिमी आणि वायसरची जाडी सुमारे ३ मिमी धरली, तर २१ मिमी लांबी लाकडाबाहेरच खर्च होते. खिळ्याचा लाकडातील भाग त्याच्या जाडीच्या सुमारे १२ पट असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. १० गेजचा, म्हणजे सुमारे ३.२५ मिमी जाडीचा खिळा घेतल्यास ही लांबी ३९ मिमी येते. दोन्ही मिळून ६० मिमी होतात. म्हणून या कामासाठी अडीच इंची (६४ मिमी) खिळा घ्यावा लागतो. दोन इंची (५१ मिमी) खिळ्याचा जेमतेम ३० मिमी भाग लाकडात शिरतो.

रीप ४० मिमीपेक्षा पातळ असेल तर खिळ्याचे टोक खालून बाहेर येते. अशा वेळी रीप बदलून जाड घेणे हा चांगला उपाय. ते शक्य नसल्यास बाहेर आलेले टोक तंतूंच्या आडव्या दिशेने वाकवून लाकडात बसवतात.

वाशावर रीप ठोकताना खिळ्याची लांबी रिपेच्या जाडीच्या अडीच ते तीन पट ठेवतात. ३० मिमी जाडीच्या रिपेसाठी तीन इंची (७६ मिमी) खिळा योग्य ठरतो.

जाडी

तारेची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढतो तशी जाडी कमी होते: ८ गेज म्हणजे सुमारे ४ मिमी, १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ गेज म्हणजे २.६ मिमी आणि १४ गेज म्हणजे २ मिमी. पत्र्यासाठी १० गेजपेक्षा बारीक खिळा टाळावा. फार जाड खिळ्याने अरुंद रीप तडकते.

जस्ताचा थर

जस्त हवा-पाण्यापासून लोखंडाचा बचाव करतेच. शिवाय थराला ओरखडा पडला तरी प्रथम स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खिळ्यांचा रंग मंद राखाडी व पृष्ठभाग थोडा खरबरीत असतो; त्यांच्यावरील थर जाड असतो. विजेच्या साह्याने मुलामा दिलेले खिळे चकचकीत व गुळगुळीत दिसतात, परंतु थर पातळ असल्याने ते उघड्यावर लवकर गंजतात. चकाकी ही टिकाऊपणाची खूण मानू नये. लोहचुंबक दोन्हींना सारखाच चिकटतो, म्हणून त्या परीक्षेचा येथे उपयोग नाही.

जस्तलेपित पत्र्यांसाठी आय.एस. २७७ हे मानक आहे. त्यात जस्ताचे प्रमाण दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. २७५ ग्रॅमचा लेप म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे ०.०१९ मिमी, तर १२० ग्रॅमचा लेप म्हणजे सुमारे ०.००८ मिमी जस्त होय. चांगल्या लेपाचा पत्रा आणि बिनलेपाचा खिळा अशी सांगड घातल्यास खिळ्याभोवती गंज सुरू होऊन छिद्र मोठे होते व पत्र्याचेही आयुष्य घटते. जनावरांच्या गोठ्यातील दमट, अमोनियायुक्त हवेत गंज अधिक वेगाने चढतो. तेथे जाड लेपाचे खिळेच वापरावेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना बिनलेपाचे लोखंडी किंवा तांब्याचे खिळे लावू नयेत, कारण ओलाव्यात दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजते.

वायसर

गळती थांबवणारा भाग वायसर हा आहे. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून वायसर करण्याची पद्धत आढळते. असे रबर उन्हाने काही वर्षांत कडक होऊन तडकते. उन्हात टिकणारे ई.पी.डी.एम. नावाचे कृत्रिम रबर अधिक काळ चालते. खरेदीच्या वेळी वायसर बोटांनी दुमडून पाहावा. त्याला भेग पडल्यास तो घेऊ नये.

आधाराचे साहित्य

वाळलेले सागवान खिळ्याला चांगले धरते, परंतु कडेला खिळा मारल्यास चिरते. म्हणून सुतार आधी सामत्याने, गिरमिटाने किंवा यंत्राने खिळ्याच्या जाडीच्या सुमारे तीन-चतुर्थांश व्यासाचे छिद्र पाडतात. ओल्या लाकडात खिळा सहज जातो, पण लाकूड वाळून आकसले की त्याची पकड ढिली होते. लाकडाच्या टोकाच्या बाजूने, म्हणजे तंतूंच्या दिशेने मारलेला खिळा कमी पकडतो. जुन्या घराचे वासे व रिपा पुन्हा वापरताना वाळवी लागलेला किंवा कुजलेला भाग टोकदार हत्याराने टोचून तपासावा. असा भाग कोणताही खिळा धरू शकत नाही.

बांबूला थेट खिळा मारल्यास तो उभा चिरतो. तेथे छिद्र पाडून बोल्ट घालणे किंवा जस्तलेपित तारेने बांधणे योग्य ठरते. लोखंडी अँगल व पाइप यांसाठी हुक बोल्ट किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतात. सिमेंटच्या पत्र्यांना खिळा कधीही ठोकत नाहीत, कारण ते तडकतात. बोल्टपेक्षा थोडे मोठे छिद्र पाडून बोल्ट हलका आवळतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ श्वासातून जाणे कर्करोगाला कारणीभूत ठरते. म्हणून असे पत्रे कोरडे कापू किंवा घासू नयेत.

तापमान

उन्हाळ्यात या भागातील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते व उन्हातील पत्रा त्याहून बराच जास्त तापतो. पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडल्यास १२ फुटी (३.६ मीटर) पोलादी पत्र्याची लांबी सुमारे २ मिमीने वाढते. हे प्रसरण व आकुंचन दररोज घडत असल्याने गुळगुळीत खिळा वर्षानुवर्षे थोडाथोडा वर येतो. पिळदार किंवा कंगोरेदार खिळा आणि स्क्रू यांचा फायदा येथे दिसून येतो.

खिळ्यांची संख्या व जागा

पत्र्याच्या चार कोपऱ्यांवर चार खिळे मारून काम संपवल्यास प्रत्येक खिळ्यावर मोठा ताण येतो. सुमारे अडीच चौरस मीटर भाग झाकणाऱ्या १२ फुटी पत्र्यावर ताशी ७२ किमीच्या वाऱ्यात ६० किलोच्या आसपास ओढ बसू शकते. म्हणजे प्रत्येक खिळ्याच्या वाट्याला १५ किलो येतात. ताशी १५८ किमीच्या झोतात हाच आकडा ७० किलोच्या पुढे जातो.

सर्वसाधारण पद्धत पुढीलप्रमाणे आहे:

• वळचणीच्या, आढ्याजवळच्या व टोकाच्या कडांवर एकाआड एक उंचवट्यावर खिळा मारावा.
• मधल्या रिपांवर दर तिसऱ्या उंचवट्यावर खिळा पुरतो.
• शेजारच्या दोन पत्र्यांच्या जोडावर दीड ते दोन पन्हळी एकमेकांवर याव्यात व प्रत्येक रिपेवर जोडातून खिळा जावा.
• वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर किमान १५० मिमी (सहा इंच) यावा.
• जोडाची उघडी कड नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावी.

उदाहरणार्थ, ४.२ मीटर लांब व ३.६ मीटर उताराच्या एका पाख्याला ०.७ मीटर रुंदी झाकणारे ६ पत्रे लागतात. रिपा ०.९ मीटर अंतराने टाकल्यास त्यांच्या ५ ओळी होतात. वरच्या व खालच्या ओळीवर पत्र्यामागे ५ आणि मधल्या तीन ओळींवर ३ खिळे धरल्यास एका पत्र्याला १९ व एकूण ११४ खिळे होतात. टोकाच्या कडांसाठी व वाया जाणाऱ्यांसाठी भर घालून सुमारे १३० खिळे व तितकेच वायसर आणावेत. खिळे बहुधा वजनावर विकले जात असल्याने खरेदीपूर्वी एका किलोत किती बसतात, हे मोजून घेणे सोयीचे असते.

खिळा पत्र्याला काटकोनात मारावा. वायसर पत्र्याला टेकून किंचित दबला की थांबावे. त्यापुढे ठोकल्यास उंचवटा चेपतो, तेथे पाणी साचते व गळती होते. चुकलेले छिद्र तसेच न सोडता लगेच बुजवावे. जुने पत्रे पुन्हा वापरताना जुनी छिद्रे नव्या रिपांवर येतीलच असे नाही. त्यामुळे ती सर्व आधी बंद करावी लागतात.

सांध्यांची साखळी

पत्रा ते रीप, रीप ते वासा, वासा ते आढे व भिंत अशी छपराची साखळी असते आणि ती तिच्या सर्वांत कच्च्या सांध्याइतकीच बळकट असते. वादळात पत्रे रिपांसकट उडालेले दिसतात, तेव्हा पत्र्याचे खिळे टिकलेले असून रीप व वासा यांचा सांधा सुटलेला असतो. रीप व वासा यांच्या प्रत्येक छेदावर किमान दोन खिळे थोडे तिरके व परस्परविरुद्ध कलाने मारल्यास ते एकदम उपसून येत नाहीत. वासा भिंतीवर केवळ टेकवलेला नसावा. लोखंडी पट्टीने किंवा भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्यात बसवलेल्या बोल्टने तो जखडावा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात आणि वासा रोवलेल्या जागाही मोकळ्या होतात; या जागा दरवर्षी पाहणे आवश्यक असते.

देखभाल

अक्षय तृतीयेच्या सुमारास वादळांचा काळ असतो. त्यामुळे तपासणी फाल्गुन-चैत्रातच उरकणे हितावह असते. वर आलेला खिळा त्याच छिद्रात पुन्हा ठोकल्यास धरत नाही. त्याजागी अधिक लांब किंवा जाड खिळा अथवा स्क्रू वापरतात. गंजाचे वलय दिसणारे खिळे व कडक झालेले वायसर बदलावेत. घराच्या आतून अंधारात पाहिल्यास प्रकाशाचे ठिपके छिद्रांची जागा दाखवतात.

सुरक्षितता

पत्र्यावर चालताना पाय रिपांच्या ओळीवरच, म्हणजे खिळ्यांच्या रेषेवर ठेवावा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. आडवी फळी टाकावी. काम सकाळी, वारा नसताना करावे आणि ढग गडगडू लागताच खाली उतरावे. छपराखालून विजेची तार गेली असल्यास खिळा ठोकण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे, कारण तारेत घुसलेल्या खिळ्यामुळे संपूर्ण टिनाच्या छपरात वीजप्रवाह उतरू शकतो. काम झाल्यावर खाली पडलेले खिळे वेचून घ्यावेत. ते माणसांच्या पायांत व बैलांच्या खुरांत रुततात. खिळा टोचल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत आरोग्य केंद्रात विचारणा करावी.

वादळात घराचे नुकसान झाल्यास शासकीय मदतीसाठी महसूल यंत्रणेकडून पंचनामा केला जातो. पंचनामा होईपर्यंत उडालेले पत्रे, तुटलेल्या रिपा व उपसलेले खिळे फेकून न देता ठेवल्यास छप्पर कोणत्या सांध्यावर सुटले हे कळते आणि नव्या छपरासाठी खिळे निवडताना त्या माहितीचा उपयोग होतो.

हे सुद्धा पहा

कौल, पन्हळी पत्रा, जस्तलेपन, साग, सुतारकाम, राळेगाव तालुका, यवतमाळ जिल्हा